गणपतीला या, पण आधी उत्तरं द्या : आमच्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना खुलं पत्र

२३ जून २०२४

कन्झर्व्हेटिव्ह, लेबर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, रिफॉर्म आणि ते दोन अपक्ष, अशा ब्रिटनच्या ४ जुलैच्या निवडणुकीला आमच्याकडून उभ्या असलेल्या सगळ्यांना,

नमस्कार.

हे पत्र इंग्रजीत तुम्हा प्रत्येकाला आज सकाळीच ईमेलनं गेलंय. मराठीत वेगळं लिहितेय ते आमच्या माणसांनीही वाचावं म्हणून. तुम्ही ज्याला कौतुकानं 'इंडियन कम्युनिटी' म्हणता त्यात आम्ही मराठी लोक थोडेच, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना अजून वाटतं की निवडणूक हे इथल्या गोऱ्या लोकांचं काम, आपलं काम टॅक्स भरायचा आणि मंगळवारी रात्री बिन बाहेर काढून ठेवायचा.

आधी ओळख देते. मी मिरजेची. २००९ ला नवऱ्याच्या मागोमाग इथे आले, तेव्हापासून लंडनच्या पश्चिमेला, एम४ हायवेच्या आवाजात राहतेय. एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) आहे पण पासपोर्ट अजून भारताचाच, निळा (तुमचाही ब्रेक्झिटनंतर निळाच झालाय म्हणा). तरी मला मत आहे, कारण कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर पार्लमेंटच्या निवडणुकीत त्याला मत देता येतं. ही गोष्ट मला इथे येऊन सहा वर्षांनी कळली, २०१५ ची निवडणूक होऊन गेल्यावर. त्यानंतर मात्र २०१६ चं ब्रेक्झिट, २०१७, २०१९, एकही सोडलं नाही. तेव्हा माझ्याशी बोलताना 'पाहुणे' या सुरात बोलू नका, एवढीच विनंती.

पत्र लिहायचं कारण गुरुवारचं हस्टिंग्ज, म्हणजे उमेदवारांना प्रश्न विचारायची सभा. चर्चच्या हॉलमध्ये पाच खुर्च्या मांडल्या होत्या, चार जण आलात, पाचव्या खुर्चीवर नुसती नावाची पाटी. मी शाळा सुटल्यावर घरी जाऊन कुकर लावून, मुलीला गॅस बंद करायला सांगून आले होते, कारण महिनाभर एक प्रश्न घोळत होता. माईक हातात आल्यावर थोडी अडखळले, पण विचारला. नव्वद सेकंदांत तुम्ही चौघांनी काय सांगितलंत ते मी वहीत लिहून घेतलंय. एकजण म्हणाले, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाई म्हणाल्या की भारतीय समाजाचं एनएचएसमधलं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतलं) योगदान आम्ही विसरू शकत नाही. तिसऱ्यांनी आमच्या गणपतीला आल्याची आठवण सांगितली, फेटा घातला होता, मोदक आवडले होते. चौथे म्हणाले माझ्या असिस्टंटकडे ईमेल द्या. दिला. अजून काही आलेलं नाही. आणि हॉलमध्ये टाळ्या कुणाला पडल्या, तर मोदकांना.

तो प्रश्न माझ्या आईचा, म्हणजे आईवडिलांना इथे आणायच्या नियमाचा होता, आणि तीच माझी पहिली तक्रार आहे.

आई ७८ वर्षांची आहे, मिरजेत एकटी राहते. बाबा २०१९ ला गेले. मागच्या नोव्हेंबरात ती बाथरूममध्ये पडली. फ्रॅक्चर नव्हतं, नशीब, पण दीड तास तिथेच होती. साडेनऊला कामाच्या मावशी आल्या, त्यांनी हाका मारल्या, शेजारच्या मुलाला बोलावून कडी काढून घेतली. इथे तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मला सहाला कळलं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली मी ठणठणीत आहे, तू कामावर जा. आणि मी गेले. त्या दिवशी रिसेप्शनच्या (सगळ्यात छोट्या वर्गातल्या) पोरांना फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे उच्चार होते, श, च, थ. मी ते शिकवलं. कसं शिकवलं मला आठवत नाही.

आता तुमचा कायदा. जुलै २०१२ च्या आधी ६५ वर्षांवरचे आईवडील मुलांवर अवलंबून असतील तर त्यांना इथे आणता यायचं, अटी होत्या पण दार होतं. ९ जुलै २०१२ पासून नवीन नियम आला. आता आईला रोजच्या साध्या गोष्टी, आंघोळ, कपडे, जेवण, स्वतःच्या हातानं जमत नाहीत हे दाखवायचं, आणि वर हेही सिद्ध करायचं की अशी काळजी घेणारं तिच्या देशात कुणी मिळतच नाही, मी इथून पैसे पाठवले तरी मिळत नाही. आता मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचं सोडा, कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात तिथे. म्हणजे आईचा गुन्हा काय, तर ती मिरजेत राहते. मी तिला सांभाळण्याइतकं कमावते म्हटलं की उत्तर तयार, मग तिथेच बाई ठेवा. आणि उद्या ती खरंच अंथरुणाला खिळली, म्हणजे तुमच्या नियमात बसली, तर तिला मिरजेहून मुंबई आणि मुंबईहून हिथ्रो कोण आणि कसं आणणार? अर्जही तिनं तिथूनच करायचा. ज्या वकिलाकडे गेलो होतो त्यानं स्पष्ट सांगितलं, फी वाया घालवू नका, भली माणसं रिजेक्ट होतात यात.

एकदा एमपीच्या सर्जरीलाही (खासदार लोकांना भेटतात त्याला इथे सर्जरी म्हणतात) जाऊन आले. (आईला फोनवर म्हटलं एमपीच्या सर्जरीला चाललेय तर ती म्हणाली, अगं बाई, काय झालं त्यांना?) सहा आठवड्यांनी दोन पानी छापील पत्र आलं, त्यात माझ्या आईचं नाव सोडून दुसरं काहीच आमच्याबद्दल नव्हतं.

व्हिजिटर व्हिसावर आणा म्हणतात. आणली, दोनदा आणली. एका वेळी सहा महिने. दुसऱ्यांदा सोडायला गेले तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर व्हीलचेअरवर बसून ती मलाच सांगत होती की तिकीट महाग पडतं, पुढच्या वर्षी नको. आम्ही फुकटही काही मागत नाही हो. स्पॉन्सर करणाऱ्यानं पाच वर्षं सरकारी मदतीशिवाय सांभाळीन असं लिहून द्यायची अट आहेच, लिहून देतो, खाजगी इन्शुरन्स काढायला सांगा, काढतो. पण दार तरी असू द्या.

हा नियम कुणी आणला ते मी विसरलेले नाही. तेव्हा कन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांचं मिळून सरकार होतं, त्यामुळे नारिंगी पत्रकवाल्या लिबरल डेमोक्रॅटनो, तुमचा जाहीरनामा फॅमिली व्हिसाची उत्पन्नाची वाढवलेली अट मागे घेऊ म्हणतो ते चांगलंच आहे, पण २०१२ च्या या नियमावर तुमची सही पण आहे. लेबरचा जाहीरनामा १३ जूनला आला, मी तो फोनवर 'पेरेंट्स', 'रिलेटिव्ह', 'डिपेंडंट' असे शब्द टाकून टाकून शोधला, आईवडिलांना आणण्याबद्दल मला तरी एक ओळ सापडली नाही. बारा वर्षं झाली या नियमाला. माझ्या ओळखीतल्या तीन घरांमध्ये एकुलत्या एका मुलानं वडिलांचे शेवटचे दिवस मोबाईलवर पाहिलेत.

दुसरी तक्रार, मधेच नियम बदलायची सवय. हे पण सगळ्याच पक्षांचं. २००६ मध्ये लेबर सरकारनं हायली स्किल्ड मायग्रंट्सचे नियम असे बदलले की घरदार विकून आलेल्या लोकांनाच ते लागू झाले, शेवटी ते लोक हायकोर्टात गेले आणि २००८ ला जिंकले. त्यानंतर तरी शहाणपण यावं ना? आता बघा. गेल्या ४ डिसेंबरला घोषणा झाली आणि ४ एप्रिलपासून स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर. करिअरच्या सुरुवातीला असलेल्यांना सवलत आहे, त्यांना ३०,९६०. आमच्या गल्लीत एक नागपूरची मुलगी पेइंग गेस्ट राहते, इथेच मास्टर्स केलं, कर्ज काढून, ग्रॅज्युएट व्हिसावर काम करतेय, कंपनी ठेवून घ्यायला तयार, पगार २९,५००. ऑफर हातात आणि उपयोग शून्य. कंपनी म्हणते लंडनबाहेर या कामाला एवढाच पगार असतो, आणि ते खरं आहे. मला स्वतःला टीचिंग असिस्टंट म्हणून जे मिळतं ते या आकड्याच्या जवळपासही जात नाही, म्हणजे तुमच्या हिशोबात माझं काम स्किल्ड नाहीच.

त्यात हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसाबरोबर एनएचएससाठी भरायचे पैसे. २०१५ ला सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता, यंदा ६ फेब्रुवारीपासून १,०३५. मुलांना ७७६. माझा मावसभाऊ नाशिकहून यायला निघालाय, तो, वहिनी आणि दोन पोरं, पाच वर्षांचा व्हिसा. हिशोब करा, १८,११० पौंड, तोही आधीच, एकरकमी, विमानात बसायच्या आधी. व्हिसाची फी वेगळी. आणि इथे आल्यावर पहिल्या पगारापासून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स बाकीच्यांसारखाच कापला जाणार. म्हणजे एकाच दवाखान्यासाठी दोनदा तिकीट. ही वाढ का केली हे सरकारनं गेल्या जुलैत स्वतःच सांगितलं होतं, डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांची पगारवाढ भागवायला. म्हणजे ज्याला मत नाही, जो अजून देशातच आला नाही, त्याच्या खिशातून. मला पगारवाढ नको असं नाही हो, हवीच आहे, पण नाशिकच्या पोरांच्या ७७६ मधून नको.

आणि हे सगळं आपल्या माणसाच्या राज्यात झालं, हे आमच्या वयस्कर लोकांना पटवून देताना नाकी नऊ येतात. ऋषी सुनक आपला, प्रीती पटेल आपली, आणि सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील तर मूळ गोव्याच्या कुटुंबातले. त्याच सुएलाबाई २०२२ मध्ये गृहमंत्री असताना म्हणाल्या की व्हिसा संपून थांबणाऱ्यांत सगळ्यात जास्त भारतीय. नावावरून आपलेपणा मोजायचा बंद करा, हे मी माझ्याच लोकांना सांगतेय, तुम्हाला नाही. तुम्हाला एवढंच सांगते की उमेदवाराचं आडनाव बघून आम्ही मत देऊ असा हिशोब कुणी मांडला असेल तर तो खोडा.

हा काही नवीन सल्ला नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे दादाभाई नौरोजी १८९२ ला फिन्सबरी सेंट्रलमधून लिबरल म्हणून निवडून आले, तेही अगदी पाच मतांनी. तीनच वर्षांनी मुंबईचेच मंचरजी भावनगरी निवडून आले ते कन्झर्व्हेटिव्ह, आणि १९२२ ला बॅटरसीतून शापूरजी सकलातवाला, ते तर कम्युनिस्ट. तिघेही मुंबईचे पारशी, तिघांचे पक्ष तीन. तेव्हाच्या लोकांना जे कळत होतं ते आत्ताच्या पत्रकांवर दिवाळीची पणती छापणाऱ्यांना का कळत नाही कोण जाणे. जून महिन्यात पणती!

तिसरं, शाळा. यावर मी तासभर बोलू शकते, पण थोडक्यात. लेबर म्हणतं प्रायव्हेट शाळांच्या फीवर व्हॅट लावून ६,५०० शिक्षक आणू. आणा. पण आमच्यासारख्या असिस्टंट्सचं काय? माझ्याकडे एक पोरगा आहे, सहा वर्षांचा, बोलत नाही, आवाज झाला की टेबलाखाली जातो. त्याला मदत मिळावी म्हणून ईएचसी प्लॅनचा (स्पेशल नीड्सच्या मुलांसाठीच्या मदतीचा) अर्ज झाला. कायद्यानं २० आठवड्यांत निकाल लागला पाहिजे. लागायला १४ महिने गेले. तोपर्यंत त्याच्याजवळ मी, आणि मी त्याच्याजवळ म्हणजे बाकीच्या अठ्ठावीस जणांत कुणी नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही शाळेत नऊ असिस्टंट होतो, आता पाच. दोघी सुपरमार्केटला गेल्या, तिथे तासाला जास्त मिळतात आणि कुणी चावत नाही. ग्लू स्टिक मी माझ्या पैशानं आणते, पाउंड शॉपमधून. हा विषय हस्टिंग्जला निघाला तेव्हा तुमच्यातले दोघं मागच्या सरकारांवर आणि पुढच्या सरकारावर बोलले, टेबलाखालच्या पोरावर कुणीच नाही.

कन्झर्व्हेटिव्हनी १८ वर्षांच्या मुलांसाठी नॅशनल सर्व्हिस काढलीय, ३० हजारांना वर्षभर सैन्यात, बाकीच्यांना महिन्यातून एक वीकेंड समाजसेवा. माझी मुलगी १७ ची आहे. ती म्हणाली, आई, मी शनिवारी मराठी शाळेत छोट्यांना शिकवते ते धरतील का? विचारून सांगा, प्लीज. आणि लेबर १६ व्या वर्षी मत देऊ म्हणतंय, तर तिची तक्रार आहे की हे या वेळेलाच का नाही.

जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. यावर काय लिहू, तुम्हालाही माहितीये. सकाळी आठला फोन, आठ वाजून एक मिनिटानं रांगेत तेविसावी, आठ-चाळीसला 'आजच्या अपॉइंटमेंट संपल्या'. मी तेव्हा शाळेच्या गेटवर असते, फोन कोटाच्या खिशात स्पीकरवर. इंग्लंडमध्ये उपचाराची वेटिंग लिस्ट ७५ लाखांवर आहे, मतदानाच्या आदल्या आठवड्यात ज्युनिअर डॉक्टरांचा संप आहे, २७ जून ते २ जुलै. लिब डेम म्हणतात सात दिवसांत जीपी भेटण्याचा हक्क देऊ, लेबर म्हणतं हॉस्पिटलच्या आठवड्याला ४० हजार जादा अपॉइंटमेंट्स. हक्क कागदावर छान दिसतो, पण डॉक्टर कुठून आणणार ते सांगा, आणि सांगताना हेही आठवा की बाहेरून आलेल्या केअर वर्कर्सना मार्चपासून नवरा-बायको-मुलं आणायची बंदी केलीत. आमची आई तिकडे, त्यांची पोरं तिकडे, आणि आम्ही सगळे मिळून इथल्या म्हाताऱ्यांची आणि पोरांची काळजी घेतोय. बरोबर आहे ना हे?

घराच्या हप्त्याबद्दल फक्त एवढंच. २३ सप्टेंबर २०२२ च्या त्या मिनी बजेटनंतर आमच्या कर्जाच्या फिक्स्ड व्याजदराची मुदत संपली. महिन्याला ९१२ पौंड भरत होतो ते १,३४० झाले. बुधवारी बातमी आली महागाई २ टक्क्यांवर आली, टीव्हीवर आनंदीआनंद. अहो पण महागाई कमी झाली म्हणजे भाव खाली आले असं नाही ना, आता चढायचा वेग कमी झाला एवढंच. गुरुवारी बँक ऑफ इंग्लंडनं दर ५.२५ वरच ठेवला. ज्या बाईंनी, म्हणजे लिझ ट्रस यांनी, ते मिनी बजेट आणलं त्या ४९ दिवसांत गेल्या, आमचा हप्ता २०४१ पर्यंत आहे.

आता थोडं आमच्या घरातल्या चर्चेबद्दल, म्हणजे तुम्हाला कळेल की आम्ही सगळे एका पिशवीतले बटाटे नाही. शुक्रवारी वटपौर्णिमा होती. इथे वड कुठला, एकीनं फोटोचा प्रिंटआउट काढून दिवाणखान्याच्या भिंतीला ब्लू टॅकनं चिकटवला होता, त्याला दोरा गुंडाळला. फराळाला बसलो आणि तुमची पत्रकं निघाली. साताऱ्याच्या एक काकू, ७० च्या दशकात आल्यात, कायमच्या कन्झर्व्हेटिव्ह, त्यांचं म्हणणं लेबर आलं की टॅक्स वाढतो, दोन हजारांचं ऐकलं ना टीव्हीवर. त्यावर तो आकडा चार वर्षांचा मिळून आहे, आणि लेबर तो मानतच नाही, हे समजावण्यात खिचडी गार झाली. एकीचा नवरा टॅक्सी चालवतो, तो म्हणे रिफॉर्म, २० हजारांपर्यंत टॅक्स नाही म्हणतायत. स्वतः स्टुडंट व्हिसावर आलेला माणूस! पण मी हसले नाही, त्याचा हिशोब त्याच्या खिशाचा आहे, १२,५७० ची करमुक्त मर्यादा इतकी वर्षं गोठवून ठेवल्यावर माणूस अजून काय बघणार. नागपूरची मुलगी ग्रीन. तिला मत आहे हे तिला मी एप्रिलमध्ये सांगितलं तर आधी खोटंच वाटलं.

आणि मी? मला शेवटपर्यंत ठरवता येत नाहीये, कारण तुमची ही पद्धत. ज्याला एक मत जास्त तो जिंकला, बाकीची सगळी मतं नदीत. २०१५ ला ब्रेक्झिटवाल्या युकिपला ३८ लाखांवर मतं पडली आणि खासदार एक, स्कॉटलंडच्या एसएनपीला साडेचौदा लाख आणि खासदार ५६. म्हणून मग तुमच्यातला प्रत्येकजण पत्रकावर उभ्या रेघांचे ते तक्ते छापतो, 'इथे फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो'. तिघांची पत्रकं माझ्याकडे आहेत, तिन्हीत तक्ते वेगळे, एकात तर १९ टक्क्यांची रेघ २६ च्या रेघेइतकी उंच. मी प्रायमरीत गणित घेते हो, पट्टी असते माझ्याकडे.

सर्व्हे म्हणतायत लेबर चारशे पार. हे शब्द ऐकून आम्ही सगळे एकमेकींकडे बघून हसलो, ते तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडेही चारशे पारचा नारा होता, ४ जूनला सकाळी निकाल लागला तर भाजप २४०. त्याच रात्री सुनक-स्टार्मर डिबेट होती, एका दिवसात दोन देशांचं राजकारण झालं, डोकं दुखायला लागलं. आणि आमच्या सांगलीत तर अपक्ष निवडून आला, तेव्हा तुम्ही दोघं अपक्ष, मन खट्टू करू नका. आईनं ७ मेला मत दिलं, रिक्षानं गेली, व्हिडिओ कॉलवर शाईचं बोट दाखवलं. मग मला विचारलं, तुमच्याकडे शाई लावतात का? नाही गं, म्हटलं, इथे सुतळीला बांधलेली पेन्सिल असते आणि फुली मारायची. ती म्हणाली, पेन्सिल? मग खोडलं तर?

आता मागण्या. लांबवत नाही.

२०१२ चा आईवडिलांचा नियम बदलणार का, हो की नाही, लेखी सांगा. 'आढावा घेऊ' हे उत्तर धरणार नाही. माझी मागणी अशी की ६५ च्या पुढचे, एकटे राहणारे, ज्यांचं इथे राहणारं मूल खर्चाची हमी देतं अशांना आजारी पडायच्या आधी येता यावं.

हेल्थ सरचार्ज, नोकरी करून टॅक्स भरणाऱ्यांना माफ करा. ते नाही जमत तर निदान पाच वर्षांचा एकदम घेऊ नका, वर्षावर्षाला घ्या.

जो ज्या नियमाखाली आला किंवा शिकला, त्याला तोच नियम शेवटपर्यंत, मधेच गोलपोस्ट हलवायचे नाहीत, हे कायद्यात लिहा.

स्पेशल नीड्सच्या मुलांसाठी २० आठवडे म्हणजे २० आठवडे, आणि त्यासाठी शाळेला असिस्टंटचा पगार वेगळा बांधून द्या, हेडच्या बाकीच्या बजेटमधून ओढाताण नको.

आणि भाषण करताना जरा जपून. दर वेळी ६,८५,००० हा नेट मायग्रेशनचा (आलेले वजा गेलेले) आकडा सांगताना तुम्ही समुद्रातून चोरून येणाऱ्या होड्यांचा फोटो दाखवता. त्या आकड्यात होड्या थोड्या आहेत, नागपूरची मुलगी आणि माझ्या भावाची पोरं जास्त आहेत, फी भरून, रांगेत उभं राहून आलेली. आणि होडीतून येणाराही माणूसच असतो, पण तो विषय वेगळा, त्यावर माझ्याच घरात एकमत नाही.

मंगळवार, २ जुलैच्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. इंग्रजीत दिलंत तरी चालेल, मी भाषांतर करून सगळ्यांची उत्तरं एकाखाली एक आमच्या ग्रुपवर टाकीन, माझी मल्लिनाथी न घालता. ज्याचं येणार नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर नाही' एवढंच लिहीन. ग्रुपवर १४२ जण आहेत. मागच्या वेळी आमच्या वॉर्डातली काउन्सिलची जागा त्याहून कमी मतांनी गेली होती.

गणपती ७ सप्टेंबरला बसतायत. जो कुणी निवडून येईल त्यानं जरूर यावं, आरतीला थांबावं, मोदक खावेत, यंदा मी करणार आहे. फेटाही बांधू. फक्त या पत्राची प्रिंट तिथे टेबलावर असेल, तुमच्या उत्तरासकट.

आपली,
एक मतदार, आणि मिरजेच्या एका बाईंची मुलगी

ता.क. आपल्या मराठी मंडळींसाठी : नाव नोंदवायची मुदत १८ जूनला संपली, ज्यांनी नोंदवलंय त्यांनी ४ जुलैला सकाळी ७ ते रात्री १० मध्ये कधीही जा, पण फोटो आयडी न्या. भारताचा पासपोर्ट चालतो, बीआरपी (व्हिसाचं कार्ड) चालतं, आधार कार्ड चालत नाही (हो, गेल्या वर्षी एक काका घेऊन गेले होते). साठीच्या पुढच्यांचं ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) चालतं, पोरांचं स्टुडंट ऑयस्टर चालत नाही, का ते विचारू नका. काहीच नसेल तर व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, अर्ज बुधवारी २६ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. जमत नसेल तर मला फोन करा, शाळा सव्वातीनला सुटते.